ओसीडी आणि एरोबिक व्यायाम: पहिले बारा आठवडे कसे आखावेत

ओसीडीचं (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डरचं) निदान झालंय, गोळ्या किंवा थेरपी सुरू आहे, आणि डॉक्टर म्हणाले, "जोडीला थोडा व्यायाम सुरू करा." त्या एका वाक्यापुढे बरंच काही विचारायचं राहून जातं. कोणता व्यायाम, किती वेळ, किती दमायचं? घराबाहेर पडतानाच कुलुपापाशी वीस मिनिटं गेली तर काय करायचं? चालून आल्यावर आंघोळीला तास लागत असेल तर चालायचंच सोडायचं का? हे मार्गदर्शन त्या प्रश्नांसाठी, आणि फक्त प्रौढांसाठी आहे.

जुन्या मराठीत या आजाराला मंत्रचळ म्हणत. नको असलेला विचार, शंका किंवा चित्र मनात पुन्हा पुन्हा घुसतं आणि जीव कासावीस होतो. ती तगमग शमवायला माणूस हात धुतो, कुलूप ओढून बघतो, आकडे मोजतो, मनात स्तोत्र म्हणतो किंवा घरच्यांना तेच तेच विचारत राहतो. क्षणभर बरं वाटतं, आणि त्या क्षणभराच्या सुटकेमुळेच पुढच्या वेळची ओढ आणखी घट्ट होते. व्यायामात येणाऱ्या बहुतेक अडचणी याच चक्रातून येतात, म्हणून ते आधीच सांगून ठेवलं.

किती अपेक्षा ठेवायची

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या संशोधकांनी २००७ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ओसीडीचे उपचार घेणाऱ्या १५ जणांनी त्या उपचारांच्या जोडीला १२ आठवडे मध्यम जोराचा एरोबिक, म्हणजे भरभर चालण्यासारखा श्वास आणि नाडी वाढवणारा, व्यायाम केला, आणि त्यांची लक्षणं कमी झाली. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे त्याच मंडळींनी, त्यात ॲना अब्रान्तेस प्रमुख होत्या, नीट चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी केली. एका गटाने व्यायाम केला, दुसऱ्याने आरोग्यशिक्षणाची सत्रं घेतली. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांची लक्षणं उतरली होती. म्हणजे सुधारणेचं सगळं श्रेय घामाला देता येत नाही. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी जाणं, कोणीतरी चौकशी करणं, दिवसाला आकार येणं यांचाही त्यात वाटा असतो. मात्र व्यायाम संपल्यावर लगेच विचारलं तर मन हलकं झालेलं आणि चिंता उतरलेली दिसते, हे या कामात वारंवार आढळलं आहे.

यावरून आमचं मत असं: एरोबिक व्यायाम ही ओसीडीच्या उपचाराची चांगली जोड आहे, पर्याय नाही. मुख्य उपचार दोनच. पहिला, एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधं. ओसीडीत त्यांची मात्रा बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त लागते आणि परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. दुसरा, ईआरपी ही थेरपी: ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि त्यानंतर करावीशी वाटणारी कृती रोखून धरायची. चालायला लागल्यावर बरं वाटतंय म्हणून गोळी बंद केली आणि दोन महिन्यांत आजार पुन्हा उसळला, असं होऊ देऊ नका. गोळी कमी करायची तर ती डॉक्टरांनीच.

व्यायाम का उपयोगी पडत असावा, याची काही कारणं समजण्यासारखी आहेत. ओसीडीत कपाळामागचा मेंदूचा भाग आणि मेंदूच्या खोल भागातली केंद्रं यांच्यातलं वर्तुळ जास्त सक्रिय असतं आणि "काहीतरी राहिलंय" हा इशारा बंदच होत नाही. एरोबिक व्यायामाने मेंदूपेशींची जुळवाजुळव सोपी करणारं बीडीएनएफ हे प्रथिन वाढतं, झोप सुधारते, उदासी कमी होते. ओसीडीच्या जोडीला नैराश्य फार वेळा असतं, आणि नैराश्यावर व्यायामाचा उपयोग बराच पक्का आहे. आणखी एक कारण आम्हाला महत्त्वाचं वाटतं. धावताना छाती धडधडते, श्वास चढतो, घाम फुटतो. म्हणजे घाबरल्यावर होतं तेच सगळं. ते होऊ दिलं की आपोआप शांत होतं, हे शरीर आठवड्यातून चार वेळा अनुभवतं. ईआरपीतही तेच शिकायचं असतं.

पायरी १: डॉक्टरांना हे विचारून घ्या

छातीत दुखणं, चक्कर, थोड्याशा श्रमाने दम लागणं, मधुमेह, रक्तदाब, गुडघ्याचा त्रास, गरोदरपण, घरात कमी वयात हृदयविकार झालेलं कोणी, यातलं काहीही असेल तर सुरू करण्याआधी तपासून घ्या. चाळिशीपुढच्या आणि वर्षानुवर्षं बैठं काम करणाऱ्यांनीही एकदा भेटून यावं.

औषधांबद्दल थोडं सविस्तर. क्लोमिप्रामीन या ओसीडीवरच्या दुसऱ्या एका औषधाने तोंड कोरडं पडतं, नाडी वाढते आणि एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून व्यायाम थांबवताना झटकन बसू नका, पाच मिनिटं हळूहळू चाला. प्रोप्रानोलॉलसारखी गोळी नाडी वर चढूच देत नाही. ती घेणाऱ्यांनी खाली दिलेला नाडीचा हिशोब वापरू नये, बोलण्याची कसोटी वापरावी. एसएसआरआयने काहींना घाम जास्त येतो, त्यांनी पाण्याची बाटली जवळ ठेवावी. रिस्पेरिडोनसारखं जोडऔषध असेल तर भूक आणि वजन वाढू शकतं. व्यायाम करूनही काटा हलला नाही तर स्वतःला दोष देऊ नका, डॉक्टरांना सांगा.

पूर्वी कधी जेवण तोडून किंवा व्यायामाचा अतिरेक करून वजन उतरवण्याचा आजार झाला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. तशा वेळी ही आखणी एकट्याने सुरू करू नये.

पायरी २: आज कुठे आहात ते लिहून ठेवा

ओसीडीची तीव्रता मोजायला येल-ब्राउन मोजपट्टी वापरतात. तिच्यात १० प्रश्न आणि एकूण ४० गुण असतात. पहिले पाच प्रश्न विचारांबद्दल, पुढचे पाच कृतींबद्दल: किती वेळ जातो, कामात किती अडथळा येतो, त्रास किती होतो, तुम्ही विरोध किती करता, ताबा किती राहतो. ८ ते १५ गुण सौम्य, १६ ते २३ मध्यम, २४ ते ३१ तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. हे गुण मानसोपचारतज्ज्ञाकडून किंवा मानसशास्त्रज्ञाकडून आता एकदा आणि बारा आठवड्यांनी एकदा काढून घ्या. मधल्या काळात घरी रोज स्वतःची परीक्षा घेत बसू नका; तीही एक तपासणीच होऊन बसते.

रोजच्या नोंदीला एक साधी वही पुरे. व्यायामाआधी एक आकडा, संपल्यावर एक आकडा: आत्ता तगमग किती, शून्य ते दहा. बस्स. शाईच्या पेनाने लिहायचं, खोडायचं नाही, अक्षर वाकडं आलं तर तसंच राहू द्यायचं. "सहा की साडेसहा" असा घोळ सुरू झाला तर मनात पहिला आलेला आकडा लिहा आणि वही मिटा.

पायरी ३: व्यायाम निवडताना आपल्या ओसीडीचा स्वभाव बघा

एरोबिक म्हणजे मोठे स्नायू एका लयीत सलग हलवणारा, श्वास आणि नाडी वाढवणारा कोणताही व्यायाम: भरभर चालणं, सायकल, पोहणं, हळू धावणं, जिने चढणं, दोरीवरच्या उड्या, संगीतावरचा नाच. सूर्यनमस्कार सलग आणि वेगात घातले तर तेही यात येतात. नवख्यासाठी चालणं सगळ्यात बरं, कारण लागतात फक्त बूट.

अस्वच्छतेची भीती असेल तर पहिल्याच दिवशी जिममध्ये नाव घालू नका. शंभर जणांचे हात लागलेली यंत्रं, ओले हँडल, सामाईक कपडे बदलायची खोली हे सगळं एकदम अंगावर येतं आणि माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो. इमारतीचं आवार, गच्ची किंवा ओळखीचा रस्ता इथून सुरुवात करा. जिम पुढे ईआरपीच्या यादीत टाकता येईल. पोहण्याबद्दल एक इशारा. क्लोरीनच्या पाण्यात आपण "शुद्ध" होतो असं वाटून काही जण पोहण्याचंच कर्मकांड करतात. शिवाय सारखे धुऊन हातांना भेगा पडल्या असतील तर क्लोरीन झोंबतं. घामही झोंबतो. व्यायामाआधी भेगांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा.

आपल्या हातून कुणाला इजा होईल अशी शंका छळत असेल तर वर्दळीच्या रस्त्यावर सायकल नको. प्रत्येक खड्ड्यानंतर "कुणाला धक्का तर नाही ना लागला" म्हणून मागे वळण्यात वेळ जातो, आणि ते खरोखर धोक्याचं असतं. चाला, किंवा जागेवरची सायकल वापरा. मोजण्याची सवय असेल तर दोरीच्या उड्या आणि जिने टाळा, तिथे आकडे आपोआप जिभेवर येतात. हृदयविकाराची धास्ती घेऊन जगत असाल तर धावण्याऐवजी चालण्यापासून चढा, म्हणजे धडधड हळूहळू ओळखीची होते.

पायरी ४: किती जोरात

सोपी कसोटी बोलण्याची. चालताना दोन-तीन वाक्यं सलग बोलता येतात, पण गाणं म्हणता येत नाही: हा मध्यम जोर. गाणं म्हणता आलं तर वेग वाढवा. चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागला तर कमी करा.

नाडीवरून बघायचं तर २२० मधून वय वजा करा आणि उरलेल्या आकड्याचे ६४ ते ७६ टक्के धरा. चाळिशीच्या माणसाचे १८० येतात; त्याचे ६४ टक्के ११५ आणि ७६ टक्के १३७. म्हणजे मनगटावर १५ सेकंदांत २९ ते ३४ ठोके. हा हिशोब ढोबळ आहे, माणसागणिक दहा-पंधराचा फरक पडतो. म्हणून नाडी पहिल्या आठवड्यात दोनदा बघा, बोलण्याच्या कसोटीशी ताडून घ्या आणि मग सोडून द्या. मनगटी घड्याळाकडे दर मिनिटाला नजर जात असेल तर घड्याळ घरी ठेवा. जोर कमी पडला तरी चालेल. तपासण्याची सवय लागली तर फायद्यापेक्षा तोटा जास्त होईल.

पायरी ५: बारा आठवडे

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचा आहे. तिथे पोहोचायचं ते असं. खालची मिनिटं फक्त जोरात चालण्याची; आधी पाच आणि नंतर पाच मिनिटं सावकाश चालणं वेगळं.

आठवडा १ आणि २: तीन दिवस, प्रत्येकी १५ मिनिटं.
आठवडा ३ आणि ४: चार दिवस, २० मिनिटं.
आठवडा ५ ते ८: चार दिवस, ३० मिनिटं.
आठवडा ९ ते १२: पाच दिवस ३० मिनिटं, किंवा चार दिवस ४० मिनिटं.

पायाला किंवा गुडघ्याला ठणका लागला तर एक टप्पा मागे या. वेळ आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका. नवख्यांच्या नडग्या दुखतात त्या बहुधा यामुळेच.

दिवस बुडतील. ताप येईल, पाहुणे येतील, आजाराची लाट येईल. ओसीडी असलेला माणूस इथे एक ठरलेली चूक करतो: एक दिवस चुकला की आखणी "बिघडली", मग येत्या सोमवारपासून पुन्हा पहिला आठवडा. असा पहिला आठवडा पाच-पाच वेळा होतो आणि पाचवा कधी उजाडत नाही. नियम असा ठेवा: बुडालेला दिवस भरून काढायचा नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट चालायचं नाही, आठवड्याचा आकडा पुढेच सरकत राहील. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला तरच एक टप्पा मागे यायचं. सोमवार, एक तारीख, मुहूर्त यांची वाट बघू नका. बुधवारी दुपारी सव्वाचारला सुरू केलं तरी चालतं.

दार ते दार: एक फेरी जवळून

व्यायाम सोपा असतो, अवघड असतात त्याच्या दोन्ही टोकांची दहा-दहा मिनिटं. म्हणून हा भाग मिनिटामिनिटाने.

आदल्या रात्री कपडे, मोजे आणि बूट दारापाशी ठेवा. सकाळी निवडानिवडीला जागाच ठेवायची नाही. बुटाची नाडी एकदाच बांधायची. डावी उजवीपेक्षा घट्ट वाटेल, बोटं पुन्हा गाठीकडे जातील. ती तशीच सैल-घट्ट ठेवून उभे राहा. पहिली शंभर पावलं तो डावा पाय सारखा जाणवेल, पाय नीट नाही असं वाटत राहील. कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत ती जाणीव बहुधा पुसट होते. पुसट झाली नाही तरी चालत राहा.

गॅसचं बटण एकदा बघा. दार ओढा, किल्ली फिरवा, कुलूप एकदा खाली ओढा, किल्ली खिशात टाका आणि पाठ फिरवा. जिन्याच्या पहिल्या वळणावर ओढ सगळ्यात जास्त असते: "खरंच लागलं का?" इथे स्वतःशी वाद घालू नका आणि "लागलंच असेल" अशी समजूतही काढू नका. "लागलं असेल किंवा नसेल, मी चालायला निघालोय," एवढं म्हणून खाली उतरा. कुलपाचा फोटो काढून नेऊ नका. फोटो म्हणजे खिशातलं कुलूप, वाटेत दहा वेळा बघितलं जातं.

सध्या तुम्ही पंधरा वेळा तपासत असाल तर एकावर येणं पहिल्याच दिवशी जमणार नाही. थेरपिस्टशी बोलून दहा, सहा, तीन असे उतरा. तोवर त्या वेळेपायी चालणं बुडू नये म्हणून घरात कोणी असताना निघा. म्हणजे कुलपाचा प्रश्न त्या दिवसापुरता येतच नाही. ही तात्पुरती सोय आहे, कायमची नाही, हे मात्र घरच्यांनाही सांगून ठेवा.

रस्त्यावर अंतर धरायचं नाही, वेळ धरायची. मोबाइलवर गजर लावा आणि मोबाइल खिशात टाका. पहिल्या दोन आठवड्यांत, १५ मिनिटं चालायचं असताना, साडेसात मिनिटांनी जिथे असाल तिथून परत फिरा, मग तो विजेचा खांब असो की कुणाच्या फाटकाचा अर्धा भाग. ओळखीच्या खुणेपर्यंत "पूर्ण" करायला जाऊ नका. मनात विचार येत राहतील, येऊ द्या. विचार घालवायला चालायचं नाही. विचारांसकट चालायचं आहे. पावलं मोजली जात आहेत असं लक्षात आलं तर मोजणं जबरदस्तीने दाबू नका, आजूबाजूचे आवाज ऐका: दुधवाल्याची सायकल, झाडू, कावळे. मोजणं पुन्हा सुरू झालं तर पुन्हा ऐका.

परतल्यावर बूट दाराबाहेर किंवा नेहमीच्या जागी. बुटांचे तळ पुसायचे नाहीत. दहा मिनिटं घामातच बसा, पाणी प्या, वहीत दुसरा आकडा लिहा. ज्यांना घाम, चिखल किंवा बाहेरचा स्पर्श विटाळासारखा वाटतो त्यांच्यासाठी ही दहा मिनिटं सगळ्या फेरीत कठीण, आणि बहुधा सगळ्यात मोलाची. मग आंघोळ: गजर लावून, एका बादलीत, साबण एकदा. आज चाळीस मिनिटं लागत असतील तर या आठवड्यात पस्तीस, पुढच्यात तीस. आंघोळ लांबते म्हणून व्यायाम सोडलेले लोक बरेच आहेत. त्यांनी व्यायाम तसाच ठेवून आंघोळ कमी करायला हवी होती, आणि त्यासाठी मदत मागायला हवी होती.

ओसीडी व्यायामालाच गिळते तेव्हा

ही शक्यता खरी आहे, आणि ती वेळीच ओळखायची म्हणूनच इतका तपशील दिला. मोबाइलवरचा दहा हजार पावलांचा आकडा हे सगळ्यात नेहमीचं उदाहरण. रात्री साडेअकराला ९,८४० दिसलं म्हणून माणूस दिवाणखान्यात येरझाऱ्या घालतो. हा व्यायाम उरलेला नाही. तसंच फेऱ्या सम संख्येतच संपवणं, "नीट" वाटली नाही म्हणून फेरी परत घेणं, ठरावीक फरशीवरच पाय टाकणं, एखादा वाईट विचार आला म्हणून सुरुवातीपासून चालणं, चालताना पायाखाली मुंगी आली का हे बघायला मागे जाणं.

फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: आज जमलं नाही तर काय वाटेल? "अरेरे, उद्या जाऊ" असं वाटलं तर व्यायाम ठीक चालला आहे. "काहीतरी वाईट होईल" किंवा "अपूर्ण राहिल्याने चैन पडणार नाही" असं वाटलं तर ओसीडीने तो ताब्यात घेतला आहे. ताप असताना, पाय मुरगळला असताना, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असतानाही जावंच लागतं, हीही तीच खूण.

उपाय व्यायाम बंद करण्याचा नाही, त्याची शिस्त मुद्दाम विस्कटण्याचा आहे. पावलं मोजणारं ॲप काढून टाका. एक दिवस १७ मिनिटांवर थांबा, दुसऱ्या दिवशी २३ वर. रस्ता बदला. फेरी विषम संख्येवर सोडा. आठवड्यात एक दिवस, तुम्ही आधी न ठरवलेला, चिठ्ठी टाकून सुट्टीचा निघू द्या. हे करताना अस्वस्थता वाढेलच, आणि तेवढ्यासाठीच ते करायचं. म्हणून थेरपिस्टला सांगून करा.

दुसरा सापळा जास्त सूक्ष्म आहे. विचार आला की धावत सुटायचं, अशी सवय लागू शकते. मग धावणं हेच हात धुण्यासारखं होतं: तगमग आली, कृती केली, सुटका झाली. म्हणून व्यायामाची वेळ घड्याळावर ठेवा, तगमगीवर नको. सकाळी साडेसहाला म्हणजे साडेसहाला, मन शांत असलं तरीही.

ईआरपी चालू असेल तर

ईआरपीचा गृहपाठ करताना चिंता वर चढू द्यायची असते आणि कृती न करता थांबायचं असतं. त्याच वेळी व्यायाम करून चिंता उतरवली तर गृहपाठ अर्धा राहतो. म्हणून गृहपाठ चालू असताना उड्या मारणं, जिने चढणं नको. व्यायाम त्याआधी करावा की नंतर, हे थेरपिस्टशी ठरवा. आमचा कल आधी करण्याकडे आहे: हालचाल झालेली असते, मरगळ गेलेली असते, आणि कठीण गोष्टीला हात घालायची तयारी थोडी जास्त असते. नंतर करायचा तर गृहपाठ पूर्ण झाल्यावर दीड-दोन तास जाऊ द्या.

रात्री उशिरा जोरात व्यायाम केल्याने झोप उडत असेल तर वेळ अलीकडे आणा. झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी शंकांना आवर घालणं जास्त जड जातं.

घरच्यांसाठी

"अगं आई, दार लागलं ना गं?" असा फोन चालायला गेलेल्या मुलाकडून येतो आणि आई मायेने म्हणते, "हो रे बाळा, लागलंय." दहा मिनिटांनी तोच फोन. या उत्तराने त्याला बरं वाटत नाही असं नाही, पण ते चार मिनिटं टिकतं आणि पुढचा प्रश्न त्यातूनच उगवतो. शांत असताना दोघांनी बसून आधीच ठरवा की उत्तर असं असेल: "हा प्रश्न तुझ्या आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही. परत आलास की चहा घेऊ." आवाज चढवू नका, टोमणे मारू नका. "एवढं चालतोस तरी हात धुणं कमी नाही?" हे वाक्य तर कधीच नको.

सोबत चालायला जाणं ही मोठी मदत आहे. चालताना आजाराविषयी बोलू नका, दुसरं काहीही बोला.

पाऊस, ऊन आणि जागा

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर बाहेर चालणं बेभरवशाचं. इमारतीचा जिना, व्हरांडा, घरात संगीत लावून जागेवर चालणं चालेल. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात सकाळी सातच्या आत आटपा. चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटणं किंवा डोकेदुखी झाली तर लगेच सावलीत थांबा आणि अंग गार करा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, शुद्ध हरपल्यासारखं होणं, यापैकी काही झालं तर घरी परतायची वाट न बघता दवाखाना गाठा.

बारा आठवड्यांनी

येल-ब्राउन गुण पुन्हा काढून घ्या. उपचारांच्या भाषेत साधारण ३५ टक्के घट म्हणजे चांगला प्रतिसाद. २६ चे १७ झाले तर तेवढी घट झाली. ती गोळीमुळे, थेरपीमुळे की चालण्यामुळे, हे एका माणसात वेगळं काढता येत नाही आणि काढायची गरजही नाही. गुण फारसे हलले नसतील पण झोप, उत्साह, घराबाहेर पडणं सुधारलं असेल तरी चालणं सोडू नका. गुण का हलले नाहीत हा औषधाच्या मात्रेचा आणि ईआरपीचा प्रश्न आहे, तो डॉक्टरांपुढे मांडा.

मधल्या काळात कृतींचा वेळ वाढत चालला, खाणं-झोप तुटली, किंवा जगणं नकोसं वाटू लागलं तर बारा आठवडे पुरे व्हायची वाट बघायची नाही. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे. ती विनामूल्य आहे आणि मराठीतूनही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं यांत मानसोपचार विभाग असतो. गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक चालतं.

भेटीला जाताना ती वही घेऊन जा. डॉक्टरांना तीन गोष्टी दाखवा: आठवड्याला सरासरी किती मिनिटं चाललात, निघायच्या आधी दाराशी किती वेळ गेला, आणि परतल्यावर आंघोळीला किती लागला. पहिल्या आणि बाराव्या आठवड्यातले हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून न्या.